पाळकसाहेब, तुम्ही आधी विचारलंत

पाळकसाहेब, सलाम.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

आईच्या स्मृतिभ्रंशाचं हे तिसरं वर्ष. दिवसभर डुलक्या, आणि रात्री दोनला उठून दाराची कडी काढायला लागते. “घरी जायचंय.” घरातच असते, पण सांगणार कोणाला?

आमच्या आधीच्या चर्चचे लोक आले नाहीत असं नाही. सहाजण आले. पलंगाभोवती उभे राहिले, मोठमोठ्याने प्रार्थना केली, घाबरलेली आई माझ्या पाठीआड लपली. मग फोटो झाला. जाताना एकजण म्हणाले, “विश्वास वाढवा.” रविवारी आमचं नाव प्रार्थनेच्या यादीत लागलं आणि बहुतेक त्यांच्या लेखी तिथेच सेवा संपली. नंतर कोणी फिरकलं नाही.

तुम्ही एकटे आलात. दारात बूट काढलेत, मोबाइल बंद केलात आणि उजव्या बुटात सरकवून दिलात. बसल्यावर पहिलं वाक्य काय, तर “ताई, तुम्हाला काय हवंय?” खरं सांगते, मला राग आला. दिसत नाही का काय हवंय ते? पण तोंडातून निघालं, “दोन तास झोप.”

“मग झोपा. मी बसतो.”

मी उठले तेव्हा अंधारलं होतं. तुम्ही रुमालांच्या घड्या घालत होतात, आई त्या मोडत होती, तुम्ही परत घालत होतात. ती तुम्हाला “दादा” म्हणत होती आणि तुम्ही ओ देत होतात. तिचा दादा जाऊन किती वर्षं झाली, हे तिला समजावण्यात मी कित्येक संध्याकाळी घालवल्या होत्या. प्रार्थना तुम्ही केलीत ती निघताना, दारात. दोनच वाक्यांची.

त्या प्रश्नाबद्दल पुढे विचारलं तर तुम्ही बायबलमधल्या बार्तीमयाची आठवण काढलीत. आंधळा माणूस रस्त्याकडेला बसून हाका मारतोय, त्याला काय हवं ते पोरालाही कळेल. तरी येशूने आधी त्यालाच विचारलं. मार्काच्या शुभवर्तमानाचा १०वा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्यातला हा प्रश्न माझ्या कानावरून नुसताच गेला होता. बायबलमधल्याच, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांचंही तसंच. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर त्यांचं बरं चाललं होतं. तोंड उघडलं, त्यालाच दोष दिला आणि घोटाळा झाला!

तुमच्या दर गुरुवारच्या बसण्यावर कमिटीत कुरकुर झाली, ते मला कळलं. पाळकाने उपदेश तयार करायचा की रुमालांच्या घड्या घालायच्या? त्यावर तुम्ही बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पहिल्या मंडळीबद्दलचं पुस्तक काढलंत, अध्याय ६. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार आली, तेव्हा त्या कामावर सातजण नेमले गेले, आणि सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती काम. एवढं सांगून तुम्ही आजाऱ्यांच्या सोबतीची वही माझ्याकडे दिलीत. मंडळीतली सगळ्यात जास्त तक्रार करणारी बाई मी!

आता त्या वहीत अकरा घरं आहेत. कोणाला सोबत हवी, कोणाला अर्ज भरून हवा, एका आजोबांना फक्त पेपर वाचून दाखवणारं कोणीतरी हवंय. मी प्रत्येक घरी जाऊन आधी तेच विचारते. पहिल्यांदा कोणी खरं सांगत नाही, “काही नको” म्हणतात. दुसऱ्यांदा जावं लागतं.

आई गेल्या आठवड्यात माझं नाव विसरली. “दादा कधी येणार?” हे मात्र रोज असतं.

तुमचं चष्म्याचं घर आमच्याकडे राहिलंय. तिने उशीखाली ठेवलंय, मागितलं तर देत नाही. गुरुवारी तुम्हीच मागून बघा.

तुमची,
वहीवाली ताई