ओटा रस्त्याकडेच राहू दे

चि. बाबू, अनेक आशीर्वाद.

घराचा नकाशा मोबाइलवर मिळाला. तुझ्या आईला मोठा करून दाखवला. खोल्या छान निघाल्या आहेत, संडास-मोरी आत घेतलीस हे तर फारच बरं केलंस. फक्त समोरची भिंत आणि गेट नको. ओटा आहे तिथं, रस्त्याकडे तोंड करून राहू दे. का, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितो.

माझ्या लहानपणी घराला पुढं कवेलू आणि मागच्या खोलीवर टिन होतं. वैशाखात ते टिन दिवसभर तापायचं आणि मध्यरात्रीपर्यंत ती धग खाली सोडत राहायचं. आत झोपणं शक्यच नव्हतं, म्हणून सारी आळी बाहेर. उन्हं कलली की तुझी आजी अंगणात सडा टाकायची. पहिली बादली जमीन पिऊनच घ्यायची. दुसऱ्या बादलीला कुठं गारवा जाणवायचा. मग बाजा निघायच्या. आमची बाज अंबाडीच्या दोरीची. मोठा भाऊ पायथ्याच्या दोऱ्या ताणून ती कसायचा, आणि मी लगेच मधोमध उडी मारायचो. "काऊन बे, आत्ताच तं कसली!" म्हणून तो मागं लागायचा.

दिवेलागणीला मारुतीच्या पारावर सामुदायिक प्रार्थना व्हायची. तुकडोजी महाराज 1968 साली गेले तेव्हा मी तान्हा होतो, पण त्यांचा आश्रम असलेली मोझरी आपल्याला जवळ, त्यामुळं त्यांनी सुरू केलेली ती प्रार्थना गावाच्या अंगवळणी पडलेली होती. ती आटोपली की भाकर, कांदा, कैरीचा तक्कू, आणि जेवून सगळे आपल्या ओट्यावर.

बायका चिंच फोडायला बसायच्या. टरफल काढलेली चिंच दगडावर आडवी धरायची, हातोडीचा हलका ठोका द्यायचा, फट पडली की अंगठ्यानं चिंचोका बाहेर. ठोका जोरात पडला तर चिंचोका फुटून गरात कच राहते, म्हणून हातोडी आम्हा पोरांच्या हाती कधी मिळाली नाही. आम्ही शिरा ओढायचो. बोटं चिकट व्हायची, नखांच्या कडा आंबटानं चुरचुरायच्या. मजुरी किलोवर मिळायची, आणि मूठभर चिंचोके आम्हाला खेळायला.

1979 च्या उन्हाळ्यात तिथंच स्कायलॅबची चर्चा चालायची. अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा खाली पडणार होती, कुठं ते कोणालाच सांगता येत नव्हतं. आम्ही पोरं बाजेवर उताणी पडून सप्तर्षीच्या आसपास काही हलतंय का ते पाहायचो. घाबरून मी आजीच्या, म्हणजे तुझ्या पणजीच्या, लुगड्याला धरलं तर ती म्हणाली, "पडन तं पडन. तू झोप, मी हाओ ना जागी." मला लगेच झोप लागली. जुलैच्या 11 तारखेला स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडली. तोवर पाऊस लागून बाजा आत गेल्या होत्या.

आता जे खरं सांगायचं आहे ते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू झाला की ओट्यावरची बोलणी पेरणीकडे वळायची. मृग 7 जूनच्या आसपास निघतो, त्याआधी बी, बैल, तिफण सगळं जमवायचं असतं. एका वर्षी शेजारच्या काकांचा बैल ऐन मे महिन्यात मेला. दिवसा ते कोणाकडं गेले नाहीत. रात्री येऊन ओट्याच्या कडेला बसले. कंदील बारीक केलेला, कोणाचं तोंड कोणाला दिसत नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "यंदा वावर तसंच ठेवावं म्हनतो." तुझ्या आजोबांनी विडी विझवली. "तुह्या वावरात पयले पेरू, मंग माह्या." एवढंच. पुन्हा त्यावर कोणी बोललं नाही, आणि पेरणी तशीच झाली.

बाबू, त्या माणसानं गेट उघडून, बेल वाजवून, उजेडात उभं राहून हे मागितलं असतं का? मला नाही वाटत. रस्त्यानं जाता जाता टेकता येतं, म्हणून माणूस टेकतो आणि मनातलं बोलतो. आजही रात्री दोघं-तिघं येतात. कूलर घरोघरी आले, मोबाइल आले, गर्दी पहिल्यासारखी नाही हे खरं. तरी लाइन गेली की ओटा भरतो. गेल्या हंगामात बोंडअळीनं कापूस गेलेला एक पोरगा कितीतरी रात्री इथं बसत होता. तो घरी गेल्याशिवाय मी आत जात नसे.

चोरीची तुला काळजी आहे, ते समजतं. मागच्या बाजूनं हवी तेवढी उंच भिंत घाल, दाराला पक्कं कुलूप लाव. ओट्याची फरशी मात्र गुळगुळीत नको, म्हाताऱ्यांचे पाय घसरतात, शहाबादी घाल. रुंदी निदान एक बाज मावेल इतकी ठेव. कडुलिंबाच्या मुळ्यांना धक्का लावू नको असं मिस्त्रीला मीच सांगतो.

मुलांच्या शाळेला सुट्ट्या लागल्या की त्यांना पाठवून दे. यंदा समोरच्या काकूंकडे दोन पोती चिंच यायची आहे, आणि शिरा ओढायला हात कमी पडताहेत.

तुझे,
बाबा