मामा, तुमच्या त्या दोन शिंगांबद्दल

मामा, नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते तर "चल, च्या घे आणि वाटंला लाग" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून माझ्या सायकलीच्या हँडलला तुम्ही बसवलेल्या त्या दोन शिंगांबद्दल लिहिते. तुमचं नाव आणि गल्ली लिहीत नाही. "दारात आधीच सायकली मावंनात, आनि गर्दी आणू नगंस" असं तुम्ही बजावलं होतं, ते ध्यानात आहे. कोल्हापुरात खासबागेच्या कुस्ती मैदानामागं राहणाऱ्यांना कळायचं ते कळेलच.

माझी करंगळी कशी बधिर झाली, ते तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. लाज वाटली. मी ब्लाउज शिवते, वीस वर्षं झाली. जानेवारीतल्या एका सोमवारी एका गिऱ्हाइकाच्या मोरपंखी ब्लाउजला हूक लावत होते. मधेच पांढऱ्या अस्तरावर लाल ठिपका दिसला. मग दुसरा. सुई डाव्या करंगळीत गेली होती आणि मला पत्ताच नव्हता. अस्तर बदलून दिलं ते दिलंच, पण रात्रभर झोप लागली नाही. बोटाला सुई कळत नसेल तर मी खाणार काय?

आदल्याच दिवशी आम्ही चौघी पन्हाळ्याला जाऊन आलो होतो. डॉक्टरांनी शुगरसाठी व्यायाम सांगितला म्हणून दीड वर्षापूर्वी ही सरळ हँडलची गिअरची सायकल घेतली. रंकाळ्याला चकरा मारून कंटाळा आला, मग वडणगे, मग जोतिबाचा फाटा, मग पन्हाळा. पन्हाळा जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. वाटेतल्या केर्लीच्या आतच हातात मुंग्या यायच्या. मी हात झटकायची आणि पुढं चालायची. सगळ्यांचंच होत असेल, असं वाटायचं.

सायकल जिथून घेतली तिथं आधी जेलचे हातमोजे गळ्यात मारले, मग स्पंजच्या जाड मुठी. मुठी इतक्या मऊ की दाबून धरल्याशिवाय हँडल हातात आहे असं वाटेना, आणि दाबून धरलं की मुंग्या दुप्पट. पैसे गेल्याचं एवढं नाही, पण दोन महिने फुकट गेले.

डॉक्टरांनी बॉलपेननं माझ्या तळहातावरच चित्र काढलं. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग ज्या नसेवर चालतो, ती नस करंगळीच्या बाजूनं, तळहाताच्या बुडाशी दोन बारक्या हाडांच्या मधून जाते. १८६१ साली ग्युयॉन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं ती जागा दाखवली, म्हणून तिला त्याचंच नाव. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची नस वेगळी, ती मनगटाच्या मधून येते. माझी करंगळी जाते म्हणजे हँडलची दांडी नेमकी त्या पहिल्या नसेवर बसते. "थोडे दिवस सायकल बंद. आणि ते हँडल कुणाला तरी दाखवा," म्हणाले. गोळी एकही लिहून दिली नाही.

म्हणून तुमच्याकडं आले. वाटलं, आता हेही काहीतरी विकणार. तुम्ही सायकल भिंतीला टेकवलीत, मला वर बसायला लावलंत आणि चहाचा ग्लास धरून नुसतं बघत राहिलात. ग्लास संपल्यावर म्हणालात, "पोरी, तू सायकल चालवीत न्हाईस. हँडलवर जोर मारतीस."

सीटचं टोक खाली झुकलेलं होतं. "बायकांना असंच बरं पडतं" म्हणून दुकानात तसं करून दिलं होतं. त्यामुळं मी सारखी पुढं घसरायची आणि घसरू नये म्हणून हातांनी स्वतःला मागं ढकलायची. चाळीस किलोमीटर हेच चाललेलं. तुम्ही गवंड्याची लेव्हल सीटवर ठेवून बुडबुडा मध्ये आणलात. मग स्टेमच्या, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या, वर बसलेल्या जाड वायसरी काढून खाली घातल्यात, हँडल दोन बोटं वर आलं. ब्रेकचे लिव्हर आडवे होते. ते खाली वळवलेत, तेव्हा कुठं कोपरापासून बोटापर्यंत हात एका रेषेत आला. तोवर ब्रेकवर बोट टाकलं की मनगट मोडायचं. एवढ्याचे पैसे विचारले तर म्हणालात, "पाना फिरवायचं कसलं पैसं."

ते झाल्यावर मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, "हात सोडून हुबी ऱ्हा. आता बघ, अंगठा कुठं बघतोय?"

पुढं बघत होता. तळहात मांडीकडं. "आता हँडल धर." अंगठे एकमेकांकडं वळले, तळहात जमिनीकडं पालथे. मामा, मी मापं घेणारी बाई. माणसाचा हात कसा लोंबतो हे बाही बेतताना रोज बघते. पण स्वतःचा हात दोन-दोन तास पिळून धरलाय हे कधी दिसलं नव्हतं. सरळ दांडीचा दोष इतकाच, की ती एकच पकड देते आणि तीही पालथी.

मग तुमचं ते वाक्य, जे मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे: "पैलवान येकच पकड धरून बसला तर त्येचीच बोटं मरत्यात. पकड बदलाय पायजे." शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या कुस्तीच्या मैदानाच्या सावलीत ज्याचं दुकान आहे, त्याला हँडल समजवायला दुसरी उपमा कशाला सुचेल!

दुकानात बसलेला तो पोरगा म्हणाला होता, "मावशी, थेट रेसिंगचं वाकडं हँडलच टाका." तुम्ही त्याला एका वाक्यात गप्प केलंत. वाकड्या हँडलची नळी २३.८ मिलिमीटरची, माझ्या हँडलची मुठीपाशी २२.२ ची. माझे ब्रेक आणि गिअरचे खटके त्यावर चढणारच नाहीत, सगळं नवं घ्यायचं तर निम्म्या सायकलीचे पैसे. त्यापेक्षा तुम्ही माळ्यावरचा डबा उपसून हँडलला जोडायच्या दोन आखूड नळ्या, म्हणजे ही शिंगं, काढलीत. पोरगा हसला, म्हणे ही नव्वदच्या दशकातल्या डोंगरी सायकलींची फॅशन. असेना. फॅशन जुनी झाली म्हणून हात काही नवे झालेले नाहीत.

आणि ती शिंगं तुम्ही टोकाला लावली नाहीत, आत लावलीत. यावर मला शंका होती, अजूनही काही जण वाद घालतात. टोकाला लावली की हात खांद्याच्या बाहेर फाकतात आणि ब्रेक लांब राहतो. आत, मूठ आणि ब्रेकच्या मध्ये लावली की हात खांद्याच्या रुंदीत येतात, अंगठा वर, तळहात आतल्या बाजूला आणि एक बोट ब्रेकच्या लिव्हरवर पोचतं. पण आतली शिंगं पडल्यावर छातीला लागू शकतात, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणून आखूड निवडलीत, थोडी वर उचलून पुढं तोंड करून बसवलीत, आणि उघड्या टोकांवर म्हाताऱ्यांच्या काठीची रबरी टोपणं ठोकलीत. टोपणं बघून माझी मैत्रीण अजून हसते.

मुठी काढतानाचं तुमचं काम मी डोळ्यात तेल घालून बघितलं. मूठ ओढली नाहीत, कापली नाहीत. बारीक स्क्रूड्रायव्हर मुठीखाली सरकवलात, त्या फटीत स्पिरिट सोडलंत, मूठ दोनदा पिळली आणि ती साबणासारखी निघून हातात आली. नव्या चढवतानाही स्पिरिटच. "त्याल लावलं तर घाटात मूठ हातात यील," म्हणालात. स्पंजाच्या मुठी टोपलीत गेल्या. त्यांच्या जागी मागं पंख्यासारख्या रुंद झालेल्या रबरी मुठी आल्या, म्हणजे भार रेषेवर न पडता अख्ख्या तळव्यावर पसरतो. पंखाचा कोन लावायला मात्र तुम्ही मला तीनदा बोलावलंत. जास्त वर झाला की मनगट मागं मोडतं, खाली गेला की आधारच नाही. बाहीच्या गोलाईसारखंच आहे ते, अर्ध्या सुतानं बिघडतं.

एक काम मात्र माझ्या हातचं. हँडलचा मधला, स्टेमजवळचा भाग थंड लोखंडासारखा हाताला लागायचा. तुम्ही जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिलीत, तिच्यावर मी जाड सुती पट्टी तिरकी कापून, निम्मी निम्मी एकमेकींवर चढवत गुंडाळली आणि शेवट टाके घालून बंद केला. तिरकी कापली की कापड वळणावर चुण्या धरत नाही. एवढं तरी मी तुम्हाला शिकवलं. हळू चढावर, मोकळ्या रस्त्याला तिथं बोटं टेकवून बसायला बरं वाटतं. उतारावर आणि गर्दीत तिथं हात न्यायचा नाही, हेही पाठ आहे.

आता कबुली. तुम्ही सांगितलं होतं, गावात शिंगं धरायची नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी गंगावेशीत ऐटीत शिंगं धरून चालले होते. दूध कट्ट्याकडं निघालेली एक म्हैस निवांत आडवी आली. एक बोट ब्रेकवर होतं, पण एका बोटानं दोन बोटांचा जोर येत नाही. तिची शिंगं आणि माझी शिंगं यांच्यात वीतभर अंतर उरलं. गवळी म्हणाला, "बाई, तुमची आवरा, माझी गरीब हाय." तेव्हापासून पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडेपर्यंत हात मुठीवर, दोन-दोन बोटं ब्रेकवर. उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम असला तर त्याच्याही पुढं.

गेल्या रविवारी पन्हाळा केला. पूल ओलांडेपर्यंत मुठी, मोकळा रस्ता लागला की शिंगं, मग शिंगाच्या बुडाशी तळवा टेकवून, मग मधली पट्टी, आणि परत मुठी. घड्याळ लावून काही करत नाही. मैलाचा दगड, चहाची टपरी, उसाचा फड, जे दिसेल ते गेलं की पकड बदलते. वाघबिळाच्या चढाला शिंगं धरून वर ओढल्यासारखं बसलं की छातीही मोकळी होते, हे मात्र तुम्ही सांगितलं नव्हतं. उतरताना पुन्हा मुठीच. घरी येऊन पहिलं काय केलं असेल, तर सुई घेऊन करंगळीला हळूच टोचून बघितली. लागली! एवढा आनंद मला टोचल्याचा कधी झाला नव्हता.

तुम्ही सगळ्याचे मिळून साडेतीनशे घेतलेत. त्यातले पन्नास चहाला परत दिलेत. हिशेब बरोबर नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

म्हणून सोबत एक गुंडाळी पाठवते. जाड कॅनव्हासची आहे, आतून तुमच्या एलन चाव्यांचे, म्हणजे त्या षटकोनी टोकाच्या चाव्यांचे, कप्पे, ४, ५, ६ आणि ८ नंबरचे. खालच्या रांगेत पाने, वर झाकायला पदर, बांधायला नाडी. मापं तुम्ही मूठ बसवत असताना नजरेनं घेतली होती. ८ नंबरचा कप्पा जरा घट्ट झाला असेल अशी शंका आहे. तसं असलं तर त्या पोराच्या हाती पाठवा, उसवून देते. आणि उजव्या शिंगाचा बोल्ट वाघबिळाच्या चढाला कुरकुरतोय, बुधवारी सायकल घेऊन येते.

तुमची,
मोरपंखी ब्लाउजवाली