फॉरमॅट मारू देऊ नकोस

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तू म्हणालास, शाळेतल्या लॅबचा तो लिनक्सवर चालणारा मुख्य संगणक पासवर्ड घेतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो. दुरुस्तीवाला म्हणतोय, फॉरमॅट मारू. कृपा करून मारू देऊ नकोस. त्या डिस्कवर मुलांचं वर्षभराचं काम आहे, आणि तुझ्या सांगण्यावरून तरी ते जागच्या जागी आहे. फोनची रेंज सारखी जात होती, म्हणून सविस्तर लिहितोय. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, स्पेलिंग तुला येतातच.

आधी एवढं कर. पासवर्डच्या पडद्यावर असतानाच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाब. काळ्या पडद्यावर 'लॉगिन' असं येईल. तिथे त्याच नावाने, त्याच पासवर्डने आत जा. गेलास, की पासवर्ड बरोबर आहे, कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा चालतोय आणि डिस्क वाचली जातेय, हे तिन्ही एका दमात कळलं. अडलंय ते फक्त डेस्कटॉप उभा राहण्याचं.

आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो ती मडक्यांची उतरंड आहे. तळाशी कर्नलमधला ग्राफिक्स ड्रायव्हर. त्यावर एक्स सर्व्हर. त्याचं काम पडद्यावर रेखाटणं आणि कीबोर्ड-माउसकडे लक्ष ठेवणं. त्यावर विंडो मॅनेजर, मग पॅनेल, वॉलपेपर, मेनू. तुमच्याकडे डेबियन या लिनक्सवर एक्सएफसीई नावाचा डेस्कटॉप आहे, म्हणजे पासवर्ड विचारणारा तो लाइटडीएम. तो ओळख पटवतो, वरची मंडळी सुरू करतो, आणि ती कोसळली की पुन्हा पासवर्ड विचारत उभा राहतो. तुला दिसतंय ते नेमकं हेच.

ही उतरंड हाताने रचून बघ, आणि जमलं तर नववी-दहावीच्या मुलांना समोर बसवून रच. मला स्वतःला लिनक्स खऱ्या अर्थाने कळलं ते यातूनच. एखाद्या धड चालणाऱ्या मशीनवर 'सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप लाइटडीएम' दे, म्हणजे पासवर्डचा पडदा जाईल. (सुडो म्हणजे पुढची कमांड मुख्य अधिकाराने, रूट म्हणून चालवणं.) मग एफ३वर लॉगिन करून नुसतं 'स्टार्टएक्स' न देता त्याच्यापुढे एक्सटर्मचा, म्हणजे कमांड लिहायच्या चौकटीचा, पूर्ण पत्ता लिही, म्हणजे यूएसआर, बिन, एक्सटर्म, मधे तिरक्या रेघा. काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एकच चौकट उघडेल. तिला वरची पट्टी नाही, बंद करायचं बटण नाही, ती हलवता येत नाही. माउसचा बाण तिच्यावर असेल तरच टाइप केलेलं उमटेल. नुसता एक्स सर्व्हर म्हणजे एवढाच. आता त्या चौकटीत 'एक्सएफडब्ल्यूएम४' आणि शेवटी अँडचं चिन्ह दे. त्याच क्षणी चौकटीवर पट्टी येते, बटणं येतात, ती धरून ओढता येते. मग 'एक्सएफसीई४-पॅनेल' आणि तेच चिन्ह दे, पट्टी आणि मेनू आले. 'एक्सएफडेस्कटॉप' दे, वॉलपेपर आलं. प्रत्येक थर आपल्या डोळ्यांदेखत येऊन बसतो. आणि ती पहिली चौकट बंद केलीस की सगळं एकदम मिटून तू पुन्हा काळ्या पडद्यावर, कारण स्टार्टएक्सच्या लेखी ती चौकट हेच अख्खं सत्र होतं. हे पाहिलेला मुलगा पुढे कधीच म्हणणार नाही की कॉम्प्युटर बिघडला. तो म्हणेल, पॅनेल आलं नाही.

हे थर वेगळे आहेत ते काही उगाच नाही. एक्सचा जन्म १९८४चा, एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनाच्या काळातला. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एका जाळ्यात जोडलेली, आणि प्रोग्राम एका यंत्रावर चालवून त्याचं चित्र दुसऱ्या यंत्रावर पाहायचं, अशी तिथली गरज. आज आपण वापरतो ती अकरावी आवृत्ती १९८७ची. म्हणून अजूनही प्रत्येक प्रोग्राम आधी विचारतो, माझा डिस्प्ले कुठला? मुलं काळ्या पडद्यावरून थेट फायरफॉक्स सुरू करायला जातात आणि डिस्प्ले उघडता येत नाही असा निरोप येतो, तो याचमुळे. फायरफॉक्सला काहीही झालेलं नसतं.

आता तुझं मशीन. एफ३वर लॉगिन केल्यावर पहिली कमांड 'डीएफ -एच', डिस्क किती भरलीय ते सांगणारी. तिच्यात रूटसमोर (नुसती तिरकी रेघ, म्हणजे मूळ फोल्डर) किंवा होमसमोर शंभर टक्के दिसले, तर कारण सापडलं. सत्र सुरू होताना काही लहान फायली लिहाव्या लागतात. जागाच नसेल तर सत्र तिथेच मरतं. 'सुडो एपीटी क्लीन' देऊन उतरवलेली पॅकेजेस काढ, डाउनलोडमधले जुने व्हिडिओ हलव.

जागा असेल तर होम फोल्डरमध्ये 'एलएस -एलए' देऊन टिंबाने सुरू होणारी एक्सऑथॉरिटी नावाची फाइल बघ. एक्स सर्व्हरशी बोलण्याचा परवाना तिच्यात असतो. कुणी सुडो लावून एखादा खिडकीवाला प्रोग्राम किंवा स्टार्टएक्स चालवलं असेल, तर या फाइलची मालकी रूट या मुख्य खात्याकडे जाऊ शकते आणि खऱ्या मालकालाच दार बंद होतं. मालकाच्या रकान्यात रूट दिसलं तर ती फाइल पुसून टाक, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. माझा पहिला संशय हिच्यावरच आहे.

तरीही नाही झालं, तर 'सुडो अ‍ॅडयूझर' देऊन एक नवं खातं काढ आणि त्याने आत शिरून बघ. नवं खातं व्यवस्थित उघडलं, तर यंत्रणा ठीक आहे आणि खोट जुन्या खात्याच्या फोल्डरमध्येच आहे. तुमच्याकडे लाइट जाते तेव्हा नेमकी सेटिंगची फाइल लिहिली जात असेल, तर ती रिकामी उरू शकते. टिंब-कॉन्फिगमधल्या एक्सएफसीई४ फोल्डरचं आणि टिंब-कॅशमधल्या सेशन्सचं नाव बदलून ठेव. पुसू नकोस, नाव बदल. कारण काय ते टिंब-एक्ससेशन-एरर्स फाइलच्या शेवटच्या ओळींत बहुधा लिहिलेलं असतं.

एक गोष्ट खास आपल्यासाठी. तुम्ही यंत्रणेची भाषा मराठी ठेवलीय, आणि ती तशीच ठेवा, मला त्याचा फार आनंद आहे. पण त्या काळ्या कन्सोलला देवनागरी येत नाही. त्याच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं, वेलांट्या जुळवण्याची सोयच तिथे नाही. त्यामुळे तारखेतल्या महिन्याच्या जागी ठोकळे दिसतील. फाइल बिघडली असं समजून घाबरू नकोस. 'एक्सपोर्ट एलसी-ऑल', बरोबरचं चिन्ह आणि मोठी सी दे. मधली रेघ खालची, अंडरस्कोर. तेवढ्या बैठकीपुरती अक्षरं इंग्रजी होतील, खिडक्यांमधली मराठी तशीच राहील.

दुसऱ्या खोलीतल्या मशीनचं मात्र वेगळं आहे. अपडेटनंतर तिथे पासवर्डचा पडदाच येत नाही, म्हणजे गडबड तळाच्या मडक्यात. सुरू होताना पहिल्यांदा दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवड. चाललं, तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तयारच झाला नाही असं समज. 'डीकेएमएस स्टेटस' ते सांगेल. जुना कर्नलही नाही चालला, तर ग्रबमध्ये ई दाबून, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या टोकाला 'नोमोडसेट' लिही आणि कंट्रोल-एक्स दाब. ते एकाच वेळेपुरतं असतं. मग व्हार-लॉगमधल्या एक्सऑर्ग लॉगमध्ये कंसातल्या दोन ई शोध. चुकांच्या ओळींवर तीच खूण असते.

तुझ्या घरच्या लॅपटॉपवर जीनोम हा डेस्कटॉप आहे आणि तो एक्सऐवजी वेलँड या नव्या पद्धतीवर चालतो. तिथे स्टार्टएक्सही नाही आणि हा लॉगही नाही. जे काही असेल ते 'जर्नलसीटीएल -बी'मध्ये, म्हणजे यंत्रणेच्या नोंदवहीत.

आज 'डीएफ'चा आणि त्या 'एलएस'चा पडदा मोबाइलवर फोटो काढून पाठव. एक्ससेशन-एरर्सच्या शेवटच्या वीसेक ओळीही. रात्री जेवणं आटोपली की फोन करतो, दोघं मिळून बघू. दुरुस्तीवाल्याला तोवर थांबव, हवं तर माझं नाव सांग.

काकूंना नमस्कार.

तुझाच