पुढची चवथ माझ्याशिवाय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर काय होतं ते आपल्याला माहीत आहे, आई गप्प होते आणि बाबा "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय संपवतात. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, मोठ्याने वाचा, आई चष्मा शोधेपर्यंत अर्धा दिवस जाईल.

तर नोव्हेंबरात अंटार्क्टिकाला जायचं हे ठरलेलंच आहे. बदल एवढाच की मार्चमध्ये उन्हाळी टीम परत येईल तिच्यासोबत मी येणार नाही, तिकडचा हिवाळाभर आपल्या देशाच्या भारती स्टेशनवर राहणार. म्हणजे पुढच्या चवथीला, गणपतीला, मी घरी नाही. होकार कळवून झाला, सहीसुद्धा केली. विचारलं नाही म्हणून रागवा हवं तर, पण विचारलं असतं तर तुम्ही "जा" म्हणाला असता आणि मग वर्षभर आपणच पोरीला पाठवलं म्हणून जिवाला लावून घेतलं असतं, ते मला नको होतं.

आता कारण ऐका. शेजारच्या काकींना तुम्ही सांगता की बाय बर्फावर काम करते, पण माझं सगळं लक्ष बर्फाच्या खाली, समुद्राच्या तळाशी. आई, तू वास्कोला लॅबमध्ये आली होतीस तेव्हा बघितलंस ना, तळाचा चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर ठेवून हळूहळू पाणी सोडायचं, जोराने धुतलं की किडे तुटतात, मग उरलेल्या गाळात रंग घालायचा म्हणजे जीव होते तेवढे गुलाबी होतात आणि मायक्रोस्कोपखाली चिमट्याने एकेक वेचता येतो. तू नाकाला पदर लावून "किडे मोजायला एवढं शिकलीस?" म्हणालीस. हो, ह्यासाठीच.

समुद्राचं पाणी खारट, ते उणे १.८ डिग्रीच्या आसपास गोठतं, आणि त्या बर्फाच्या खालच्या अंगाला तपकिरी शेवाळ धरतं. आपल्या दिवाळीच्या सुमारास तिकडे वसंत, मग बर्फ सुटायला लागला की ते शेवाळ खाली पडतं आणि तळावरचे स्पंज, तारामासे, शिंपले सगळे तेव्हा जेवून घेतात, कारण हिवाळ्यात त्यांच्यातले काही महिनेच्या महिने जवळजवळ उपाशी असतात. सप्टेंबरात हा बर्फ साधारण १ कोटी ८५ लाख चौरस किलोमीटर पसरतो, आपल्या देशाच्या पाचपटीहून जास्त. २०२३ ला तो १ कोटी ७० लाखांच्या आतच थांबला, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत तर १८ लाखांच्याही खाली गेला होता, सॅटेलाइटने मोजायला लागल्यापासून सगळ्यात कमी. आता बर्फ उशिरा धरला आणि लवकर फुटला तर खालच्यांनी काय खायचं? उन्हाळ्यात जाऊन हे कळत नाही. जहाज आत शिरतं तेव्हा बर्फ फुटलेलाच असतो, त्यामुळे बहुतेक सॅम्पलं उन्हाळ्यातली. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून कॅमेरा खाली सोडायचा तर तिथं कुणीतरी राहायलाच लागतं ना.

आणि खाली काय काय आहे! २०२१ ला वेडेल समुद्रात एका जर्मन जहाजाने तळाजवळून कॅमेरा ओढत नेला तर माशांची घरटीच घरटी, अंदाजे ६ कोटी, कितीतरी घरट्यांत अंड्यांच्या राखणीला एकेक मासा बसलेला. आई, ह्या माशांचं रक्त लाल नसतं, पाण्यासारखं असतं. (नाही, खायचा विचार नको.)

बाबा, तुम्हाला हिमनगांचं पटेल. सुकतीला, पाणी ओसरलं की, भरलेल्या बार्जचा तळ रेतीला घासायचा तसा हिमनग उथळ पाण्यात तळ खरवडत जातो, वाटेतलं काही शिल्लक ठेवत नाही, आणि ती जागा पुन्हा भरायला वर्षानुवर्षं जातात. किनाऱ्याला बर्फ घट्ट धरलेला असला तर हिमनग जागच्या जागी अडकून राहतात, तो कमी झाला की मोकाट. तुम्ही बार्जवर असताना आई अंगणातला दिवा रात्रभर चालू ठेवायची हे मला माहीत आहे, म्हणून काळजी करू नका असं मी लिहिणारच नाही. पण खाणी बंद होऊन बार्ज थांबल्यावरची ती वर्षं आपण काढली ना, मग हे एक काय.

तिथं हाल नाहीत. आत हीटर, स्वतःची खोली, गरम पाणी, टीममध्ये डॉक्टर, स्वयंपाकाला माणूस, रोज वरण-भात. कोकमाची सोलां मी इथूनच नेतेय, फक्त बी एकही राहता कामा नये, बिया तिकडे चालत नाहीत, तेव्हा आई नीट बघून भर. बाहेर उणे वीस-तीस होतं पण आपण बाहेर कितीसे असणार, आणि बर्फाखालचं पाणी तर उणे दोनच्या खालीसुद्धा जात नाही (ह्याने आईला काय धीर येणार, पण लिहिलं). मे संपता संपता सूर्य जातो तो जुलैत येतो. आणि मधे परत येता येत नाही. हे कुणीतरी सांगेलच, त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. फोन लागतो, व्हॉट्सॅप चालतं. बायका जात नाहीत असंही नाही, अदिती पंत १९८३ च्या मोहिमेत गेल्या, नागपूरच्या, आपल्या दोनापावलाच्या एनआयओत, म्हणजे समुद्रविज्ञान संस्थेत होत्या.

खरं तर बाबा, दोष तुमचाच. नदीवर सुकतीला मला खांद्यावरून उतरवून चिखलात पायाच्या बोटांनी तिसऱ्या शोधायला कुणी शिकवलं? अजून तेच करतेय.

आता ऐका. बाबांनी शुगर दर महिन्याला तपासायची, रिपोर्टचा फोटो मला, "नॉर्मल आहे" हा मेसेज चालणार नाही. कौलं परतायला माणूस येईल, पैसे दिलेत, बाबांनी शिडीला हात लावायचा नाही. आईने गुडघ्याचं बांबोळीच्या हॉस्पिटलात दाखवायचंच, दादा गाडी घेऊन येईल. गणपतीवर बांधायची माटोळी छोटी करा, जमिनीवर बसून नेवऱ्या करायच्या नाहीत, टेबल आहे. आणि पोदेराकडून रोज चार उंडे पाव कशाला, दोघं माणसं, बाबांना एक पुरे.

रविवारी येतेय. मामीला इतक्यात काही सांगू नका, आधी आपण तिघं बोलू. बांगडे मी वास्कोहून आणते, आई तू बाजारात जाऊ नकोस.

तुमची,
बाय