ओव्हन कपाटात सरकवण्याआधी

ति. आई-बाबा,
सा. नमस्कार.

ओव्हन घरी आला की सुतार म्हणेल, "कपाट तयार आहे, सरकवून टाकू." सरकवू देऊ नका. एकदा तो आत बसला की मागचं वायरिंग पुन्हा कुणी बघत नाही. जे तपासायचं ते तो बाहेर असतानाच.

बाबा, आधी ओव्हनचं दार उघडून चौकटीच्या कडेला चिकटवलेली पट्टी वाचा. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर निघतात. 230 व्होल्टवर 3000 वॅटचा ओव्हन साधारण 13 अँपिअर ओढतो, 3600 वॅटचा जवळजवळ 16. पहिल्याला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 16 अँपिअरचं सॉकेट आणि 16 चाच एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच) पुरतो. दुसऱ्याला मी प्लग लावणार नाही. 4 स्क्वेअर एमएमची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी आणि डीपी स्विचमधून (फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा) थेट जोडणी. वायर लांबून किंवा भिंतीच्या इन्सुलेशनमधून येत असेल तर आणखी जाड लागू शकते. ओव्हनच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच धरा.

लाइन मुख्य बोर्डापासून स्वतंत्र हवी. मिक्सरच्या सॉकेटवरून लूप मारलेली नको, एक्स्टेन्शन तर नकोच. मिक्सर दोन मिनिटं चालतो, ओव्हन तास-दीड तास. शिवाय ओव्हन थर्मोस्टॅटवर सारखा चालू-बंद होतो, त्यामुळे टर्मिनल तापतं-निवतं आणि अर्धवट आवळलेला स्क्रू हळूहळू सैल होतो. सैल जोड तापतो, तापला की आणखी बिघडतो. सॉकेट काळं पडतं ते बहुतेक वेळा असंच. यात एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहायला सांगा. बारीक तारांच्या वायरीला टोकाला लग (धातूची छोटी टोपी) दाबून बसवावा. शिसं लावलेलं टोक स्क्रूखाली दबत जातं आणि जोड पुन्हा सैल होतो, म्हणून डाग देऊ नये.

एमसीबी पडतोय म्हणून कुणी मोठा बसवायला निघालं तर थांबवा. एमसीबी वायरीला वाचवायला असतो. अडीचच्या वायरीवर 32 चा बसवला तर वायरच फ्यूज होऊन बसेल.

सॉकेट किंवा स्विच ओव्हनच्या पाठीमागे नको. शेजारच्या कपाटात, हात पोचेल असा हवा, आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा. आतून धूर दिसला तर 35 किलोचा ओव्हन बाहेर ओढून स्विच कसा शोधणार?

काम सुरू होण्याआधी एमसीबी बंद करून त्यावर चिठ्ठी लावा. निऑनच्या टेस्टरवर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर आधी चालू सॉकेटवर तपासायचा, मग इथे फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही जोड्यांत, आणि शेवटी परत त्या चालू सॉकेटवर. ओव्हनच्या टर्मिनलवर फेजला तपकिरी, न्यूट्रलला निळी, अर्थला हिरवी-पिवळी. अर्थची वायर इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबल खेचली गेलीच तर ती सगळ्यांत शेवटी सुटेल. काही ओव्हनमध्ये टर्मिनलवर पितळी पट्ट्या असतात. सिंगल फेजसाठी त्या कुठे लावायच्या ते आत चिकटवलेल्या आकृतीत असतं. त्या काढून टाकल्या तर अर्धा ओव्हन गार राहतो. केबल क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेली हवी आणि सरकवताना तापणाऱ्या पाठीवर टेकता कामा नये.

30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) असू द्याच. नवा ओव्हन पहिल्यांदा लावल्यावर हा आरसीसीबी कधीकधी पडतो, कारण कॉइलच्या आतल्या पावडरीने साठवणुकीत दमट हवा शोषलेली असते. वायरमनला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायला सांगा. दोष निव्वळ ओलीचा असेल तर कॉइल वाळली की तो जातो. "अर्थिंग काढून बघू" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आता सरकवा, दोघांनी मिळून, दाराच्या मुठीला न धरता. पुस्तिकेत दाखवलेली मागची हवेची फट मोकळी ठेवा आणि बाजूचे स्क्रू लगेच लावा. नाहीतर आईने दार उघडून जड ट्रे बाहेर ओढला की ओव्हनच पुढे कलंडेल.

पहिल्यांदा खिडक्या उघडून रिकामाच, पुस्तिकेत दिलेल्या तापमानावर तासभर तापवा. वास येईल, तो कारखान्यातल्या तेलाचा. मध्येच, अर्ध्या तासाने, एकदा बंद करा आणि प्लग असेल तर तो काढून त्याच्या पिना पाहा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल किंवा प्लास्टिक करपल्याचा वास असेल तर तो जोड पुन्हा करून घ्या.

आणि आई, सगळं नीट असूनही ओव्हन तापलाच नाही तर आधी त्याचं घड्याळ लाव. बऱ्याच ओव्हनमध्ये वेळ लावल्याशिवाय कॉइल सुरूच होत नाही.

तुमची लेक