रिठे आम्ही भिजवायचे, कंपन्यांनी काय करायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला इंद्रायणीच्या फेसावरचा लेख वाचला. शेवटी लेखकमहाशयांनी गृहिणींना रिठे भिजवण्याचा, राखेने भांडी घासण्याचा आणि 'विवेकाने खरेदी' करण्याचा सल्ला दिला आहे. समस्त गृहिणींतर्फे आभार. राख कुठल्या चुलीतली आणायची, तेवढं सांगायचं राहिलं. आम्ही इंद्रायणीकाठच्या मोशीत अकराव्या मजल्यावर राहतो, घरात पाइपचा गॅस आहे. पाणी उन्हाळ्यात टँकरचं, एरवी बोअरचं मिसळलेलं. त्या क्षाराच्या पाण्यात साध्या साबणाचा नुसता चोथा होतो आणि बादलीला पांढरा थर बसतो. डिटर्जंट काही आम्ही हौसेने धरलेलं नाही.

तरीही मध्यंतरी विवेक दाखवून पाहिला. भांड्यांचं एक 'हिरवं' लिक्विड आणलं. बाटलीवर कडुनिंबाची पानं, लिंबाची फोड, वर एक फुलपाखरू. किंमत नेहमीच्या लिक्विडच्या जवळजवळ दुप्पट. मागे भिंग लावून वाचलं तर 'क्रियाशील घटक, परिरक्षक, सुगंध, रंग' एवढंच. माझी सगळी नोकरी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे 'क्रियाशील घटक' वाचून समाधान होण्यासारखं नव्हतं. बाटलीवरच्या नंबरवर फोन केला.

"मॅडम, फॉर्म्युला कॉन्फिडेन्शियल असतो."

"फॉर्म्युला नको. हा घटक कोणता, एवढंच सांगा."

"आपलं प्रॉडक्ट पूर्ण बायोडिग्रेडेबल आहे, मॅडम."

"किती दिवसांत?"

मग होल्ड, सनईसारखं काहीतरी वाजलं, आणि बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "अठ्ठावीस दिवसांत. टेस्टेड आहे."

त्या मुलीचा दोष नाही, तिला समोरचा कागद वाचायला दिला होता. आणि कागद खोटाही नसेल. प्रयोगशाळेतली ही विघटनाची चाचणी २८ दिवसांचीच असते, भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यात. आपल्याकडच्या बहुतेक डिटर्जंटमध्ये मळ काढणारं जे एलएएस (लिनिअर अल्किलबेंझिन सल्फोनेट) हे रसायन असतं तेही या चाचणीत पास होतं. केरोसीनमधून काढलेले घटक आणि बेंझिन यांपासून ते बनतं, म्हणून स्वस्त पडतं. पण ऑक्सिजन नसला की ते विघटित होतच नाही म्हटलं तरी चालेल. मोशीतल्या मोरीतलं पाणी शुद्धीकरण न होता नाल्यात गेलं तर तिथे ऑक्सिजन कुठला? आणि मोशीहून डुडुळगाव, पुढे आळंदी. नदीला तिथवर पोचायला २८ दिवस लागतात असं कंपनीला वाटत असेल तर त्यांनी एकदा घाटावर यावं. कार्तिकीला आलेले वारकरी हाताने फेस बाजूला सारून डुबकी मारतात. कारखान्यांचं पाणीही त्यात आहे, हे मान्य. पण घराघरातला वाटा आहेच, आणि त्या वाट्याचं खापर लेखाने सरळ माझ्या घासणीवर फोडलं आहे.

युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवरही एकेकाळी असेच फेसाचे डोंगर यायचे. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला आणि अमेरिकेतल्या कंपन्यांनी १९६५ पर्यंत सहज विघटित न होणारं जुनं रसायन सोडून हे एलएएस घेतलं. कोणी गृहिणींना राख वापरा म्हणून सांगत बसलं नाही. पुढे युरोपीय संघाने २०१३ पासून घरगुती कपड्यांच्या डिटर्जंटमध्ये एका धुण्याला फॉस्फरस (पाण्यात शेवाळ माजवणारा) अर्ध्या ग्रॅमच्या आत असावा असं बंधन घातलं, २०१७ पासून डिशवॉशरच्या पावडरीलाही मर्यादा घातली. तिथे कंपनीला घटकांची यादी जाहीर करावी लागते. इथे आपल्या दुकानांत ज्यांचा माल भरलेला असतो, त्यातल्या काही कंपन्या तिथेही धंदा करतात. तिथे जमतं, कारण भाग पाडलं जातं. इथे मात्र 'ग्राहकांची मागणी नाही'. फेस, वास आणि दहा रुपयांचं पाऊच यावर माल खपतोय, मग कोण कशाला बदलेल? फेस जास्त म्हणजे सफाई जास्त हे खरं नाही, हे कंपन्यांना माहीत आहे. तरी जाहिरातीत ताटावर फेसाचा ढीग असतोच.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. केंद्र सरकारने १९९१ साली इकोमार्क काढला, मातीच्या माठाचं चिन्ह. साबण-डिटर्जंट त्यात पहिल्यापासून आहेत. २०२४ मध्ये नवे नियमही आले. पण सगळं ऐच्छिक! आमच्या वाण्याला माठ म्हटल्यावर त्याने मला समोरच्या कुंभाराकडे पाठवलं. फुलपाखराला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

आता आपल्याबद्दल थोडं. ज्या अंकाच्या पुरवणीत हा लेख, त्याच अंकाला बाहेरून कपड्यांच्या पावडरीच्या पूर्ण पान जाहिरातीचं जॅकेट होतं. ते काढून बाजूला ठेवल्याशिवाय पहिलं पान दिसत नाही. जाहिरातीवर पेपर चालतो, समजतं. पण मग उपदेश निदान त्यांनाही करा. आणि वार्ताहर मोशीत आलेच तर सोसायट्यांचे एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरणाचे प्लांट) रात्री चालू असतात का, तेही बघून जावं. आमचा वीजबिल वाचवायला बंद ठेवतात. कमिटीला विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, मेंटेनन्स वाढवायचा का?"

मागे वीजमीटरच्या रीडिंगबद्दलचं माझं पत्र आपण निम्मं कापून छापलंत, त्यातून मी मीटरची स्तुती करते आहे असा अर्थ निघत होता. या वेळी कापायचंच असेल तर जॅकेटबद्दलचा मजकूर कापाल हे ठाऊक आहे. २८ दिवसांचा परिच्छेद मात्र कृपया ठेवा.

आपली,
एक जुनी वाचक, मोशी