श्वास अडला की थांबायचं

प्रिय सखी,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्या वर्षांनी पुन्हा योगवर्ग? काय करता गं तिथे? पूर्वीसारखं जमतं का?" मी नुसतंच "छान चाललंय" म्हटलं आणि विषय दुसरीकडे गेला. पण तू माझ्याबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त विचारत होतीस, हे मला तेव्हाच जाणवलं. गुडघा कुरकुरायला लागल्यापासून तुझी मॅट गुंडाळलेलीच आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. पूर्वीसारखं जमत नाही. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, आपण दोघी कपाळ सहज खाली टेकवायचो, आठवतं? आता माझे हात पोटऱ्यांपर्यंत जातात. पावलांना पट्टा अडकवून धरला तर पाठ सरळ राहते आणि मग पाठीच्या खालच्या भागाला जे बरं वाटतं ते काही औरच. शीर्षासन, सर्वांगासन या वर्गात नाहीत. सूर्यनमस्कारही सलग घेत नाहीत. तरीही सांगते, त्या जोरकस दिवसांत जे कधी हाती लागलं नाही ते इथे लागतंय, आणि त्याबद्दलच मला तुला लिहायचंय.

वर्ग सुरू होतो तो पाठीवर झोपून. काही मिनिटं नुसता श्वास पाहायचा. मग घोटे, मनगटं, खांदे सावकाश फिरवायचे. ओणवं होऊन मार्जारासन. त्यानंतर मोजकीच आसनं, पण प्रत्येकात निवांत थांबायचं. शेवटी शवासन, तेही घाईत उरकायचं नाही. एवढंच. कागदावर वाचायला अगदी किरकोळ वाटेल.

पण आमच्या बाई पहिल्या दिवशी मॅट पसरू देण्याआधी समोर बसवून विचारतात: रक्तदाब? काचबिंदू? मानेचं काही? गुडघे? हाडांची घनता कधी तपासली आहे का? प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. डोकं हृदयाच्या खाली गेलं की डोळ्यांतला दाब वाढतो, म्हणून काचबिंदू असलेल्यांनी उलटी आसनं टाळायची. हाडं ठिसूळ झालेली असतील तर पाठीला बाक काढून खोल पुढे वाकणं मणक्यांना धोक्याचं. रजोनिवृत्तीनंतर आपल्या वयाच्या बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात, तेव्हा हा प्रश्न आपल्याला विचारलाच पाहिजे. तरुणपणी आपल्याला हे कुणी विचारलं नाही, कारण तेव्हा गरज नव्हती. आता जो शिक्षक न विचारता थेट ओणवं करायला लावील, त्याच्याकडे मी तुला जाऊ देणार नाही.

परतणाऱ्या माणसाची एक खास अडचण असते, ती नवशिक्याला नसते. मनाला आसन पाठ असतं. शरीर कुठवर जायचं ते मनाने ठरवलेलंच असतं. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत परत येऊ लागते, पण स्नायू हाडाला जोडणारे कंडरे फार सावकाश तयार होतात, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी. म्हणजे ताकद आल्यासारखी वाटते त्या वेळी कंडरे अजून मागेच असतात, आणि नेमकी तेव्हाच दुखापत होते. हळू वर्गाची खरी किंमत मला इथे कळली. तो वेळ देतो.

आणखी एक गंमत ऐक. स्नायू झटक्याने ताणला तर तो उलट आकसतो. शरीराची ती स्वतःला जपण्याची प्रतिक्रिया आहे. हळूहळू ताणून तिथेच थांबलं तर ती प्रतिक्रिया निवते. सुरुवातीच्या आठवड्यांत आपण जास्त वाकू लागतो ते स्नायू लांब झाला म्हणून फारसं नसतंच. तो ताण मेंदूला आता धोक्याचा वाटत नाही, म्हणून तो आणखी थोडं पुढे जाऊ देतो. मला हे फार सुंदर वाटतं गं. मांडीमागच्या धोंडशिरांशी भांडत बसण्यापेक्षा त्यांना भरवसा द्यायचा.

बाईंचा नियम एकच: श्वास अडला की थांबायचं, आणि तिथून थोडं मागे यायचं. चेहरा आवळला, जबडा घट्ट झाला, श्वास तुटक झाला, तर आसन कितीही देखणं दिसत असो, ते तुमचं नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवायला सांगतात. करून बघ, अगदी खुर्चीत बसून. काही मिनिटांत खांदे आपोआप खाली येतात.

पतंजलींच्या जवळजवळ दोनशे योगसूत्रांत आसनावर तीनच आहेत. पहिल्यात आसन स्थिर आणि सुखाचं असावं असं म्हटलंय, आणि लगेच पुढच्यात प्रयत्न सैल करायला सांगितलंय. किती वाकायचं, पाय कुठवर न्यायचा, याबद्दल अवाक्षर नाही. आणि पहिल्या पादात, म्हणजे पहिल्या प्रकरणात, साधनेतल्या नऊ अडथळ्यांची यादी आहे. तिची सुरुवात आजारपणापासून होते, आणि शेवट, मिळालेल्या जागी टिकून न राहण्यापाशी. म्हणजे तुझं-माझं मध्येच सुटणं हे त्यांनी केव्हाच गृहीत धरलं होतं! हे वाचल्यावर मला फार आधार वाटला.

लोड, लाकडी विटा, घडी घातलेली ब्लँकेटं, भिंत, खुर्ची, हे सगळं आम्ही वापरतो. कमकुवत लोकांसाठी काढलेली ती पळवाट आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार (1918–2014) स्वतः लहानपणी सतत आजारी असायचे. पुढे आजारी, थकलेल्या, ताठरलेल्या माणसांनाही आसनात टिकता यावं म्हणून त्यांनी ही साधनं घडवली, बारकाईने वापरली. लोडावर पाठ टेकून केलेलं सुप्त बद्धकोणासन (तळपाय जुळवून, गुडघे बाजूंना सोडून), दोन्ही मांड्यांखाली आधार घेऊन, एकदा करून पाहा. छाती उघडते आणि पोटातला कुठला कुठला ताण सुटतो. त्यात मी किती वेळ राहते ते मला कळतही नाही.

तोल हा वेगळाच धडा. वृक्षासनात मी भिंतीला एक बोट लावून उभी राहते. तोल डोळे, आतला कान आणि तळपायांची जाणीव अशा तिघांच्या भरवशावर चालतो, आणि वापरला नाही तर वयाबरोबर ढिला पडतो. जमिनीवर बसणं आणि उठणं यांचाही आम्ही सराव करतो: कुशीवर वळायचं, हात टेकायचा, एक गुडघा, मग पाऊल. या वयात कुठल्याही अवघड आसनापेक्षा मला हे अधिक मोलाचं वाटतं. पडल्यावर आपलं आपल्याला उठता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आता तुझा गुडघा. पद्मासन विसर. मांडी उघडते ती खुब्यातून. खुबा पुरेसा वळत नसेल आणि पाय जबरदस्तीने वर ओढला तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. वज्रासनात बसायचंच असेल तर मांडी आणि पोटरी यांच्यामध्ये जाड घडी ठेव, आणि तरी टोचलं तर खुर्चीवर बस. विपरीत करणी मात्र, म्हणजे पाठीवर झोपून पाय वर घेणं, भिंतीला पाय टेकवून बहुधा जमेल. तुझ्या डोळ्यांचं आणि रक्तदाबाचं आधी विचारून घे. स्नायूच्या मधोमध ओढ जाणवली तर चालेल. सांध्यात कळ आली, मुंग्या आल्या किंवा बधिर वाटलं तर लगेच बाहेर यायचं, शिक्षक काहीही म्हणोत. पाठीवर दाब देऊन खाली ढकलणारे असतील तर त्यांना स्पष्ट नको म्हण. तुझा तो हक्क आहे.

एक गोष्ट राहिली. सुरुवातीला कधी कधी जुन्या शरीराची आठवण येऊन गलबलतं. येऊ दे. ते शरीर खरंच छान होतं. पण आत्ताच्या या शरीराकडे मी जितकं लक्ष देते, तितकं त्याच्याकडे कधी दिलं नव्हतं, आणि हे लक्ष देणं मला मनापासून आवडू लागलंय.

गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणतात ते सविस्तर कळव. वाकवायला कितपत परवानगी आहे ते नक्की विचार. तुझ्या उत्तरानुसार मी बाईंना विचारून तुला चालतील अशी आसनं लिहून पाठवते. घरी सर्वांना नमस्कार.

तुझीच,
मैत्रीण